डाव्या कडेचा उजेड

संध्याकाळी सात वाजायला दहा मिनिटं कमी होती. वेळ मला अगदी पक्की आठवते. पुण्याकडची गाडी शिटी देत गेली, ह्यांनी खिशातलं घड्याळ कंदिलाजवळ धरलं आणि म्हणाले, "दहा कमी. पुरता काळोख झाला. चल शेवंते, भिंत लावून घेऊ."

भिंत लावणं म्हणजे गाडीचे दिवे भिंतीवर पाडून ते सारखे करणं. आमच्या घरात हा शब्द रोजचाच, कारण हे गाड्यांचे मेकॅनिक. विठ्ठलवाडीच्या अलीकडे, कल्याणहून मिलिटरीच्या कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर आमची पत्र्याची शेड आहे. शेडीमागे दोन खोल्या, पुढे मोकळं अंगण आणि अंगणापलीकडे मिलिटरीच्या जुन्या कोठाराची लांबच लांब भिंत. लढाई संपली, मिलिटरी गेली, कोठाराचे पत्रे गेले, भिंत तेवढी राहिली. हे तिला दर दिवाळीला चुना मारत. मी म्हणायची, लोक घराला चुना लावतात, आमच्याकडे भिंतीचे लाड!

पण एकोणीसशे एक्कावन्नच्या त्या मार्गशीर्षात मीच मेली घाई करत होते. कारण त्या दिवशी भिंतीसमोर उभी होती ती लॉरी दुसऱ्या कुणाची नव्हती. आमची होती! मिलिटरीच्या लिलावातली, तीन वेळा हात बदललेली, पण आता आमची. ह्यांनी हिरवा रंग खरवडून निळा दिला होता. मी पुढच्या फळीवर हळदीकुंकवाची बोटं उठवली होती. आमची छबी नऊ महिन्यांची. तिला कडेवर घेऊन दिवसभरात किती वेळा त्या लॉरीभोवती फिरले असेन! एकदा चाकाला हात लाव, एकदा दाराला लाव. पोरीला नजर लागेल म्हणून मी एवढीशी गोष्ट करायची तर दहादा विचार करायची. पण त्या दिवशी मला कशाची म्हणून भीती वाटत नव्हती.

परवा पहाटे लॉरीची पहिली खेप. आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या आवडाबाईंच्या धाकट्या लेकीचं, तुळसाचं लग्न. अख्खं वऱ्हाड घेऊन ठाण्याला, खोपटला जायचं. निघायचं अंधारातच, म्हणून दिवे आजच्या आज व्हायला हवे होते.

आणि दिवे तर उलटे! ती गाडी परदेशात बनलेली. त्यांच्या मुलखात गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, आपल्याकडे डाव्या. समोरून गाडी आली की पायाखालचं बटण दाबायचं, मग उजेड खाली बसतो आणि आपापल्या कडेला सरकतो. त्याला हे डिपर म्हणतात. आता आमच्या लॉरीचा उजेड बटण दाबलं की उजवीकडे सरकायचा. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत भाला आणि आपली डावी कड मिट्ट काळोखात. त्या कडेने कुणी चालत असेल तर ड्रायव्हरला दिसायचंच नाही.

"लढाईत अशाच चालवल्या का हो?" मी विचारलं होतं.

"कोण वळवत बसतंय तेव्हा! आल्या बोटीतून, पडल्या रस्त्याला. चाक डावीकडे, उजेड उजवीकडे, आणि ड्रायव्हर थकलेला."

छबीला पदराखाली घेऊन मी ड्रायव्हरच्या जागेवर चढले. ही जागाही डावीकडे. दिव्यांचा स्विच मोडका होता, म्हणून ह्यांनी वायरी थेट बॅटरीला जोडलेल्या. माझं काम एकच, हे ‘दाब’ म्हणाले की पायाने बटण दाबायचं.

तेवढ्यात उजव्या दाराशी कंदील हलला. आवडाबाई! नऊवारीचा कासोटा सावरत, एवढ्या वयाची बाई, धाडकन वर चढून माझ्या शेजारी बसली.

"मी फुडंच बसनार परवा. नवरीच्या आयला मान नको?" कंदील पायाशी ठेवत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "काय गो शेवंते, येचा चाक तुज्या बाजूला कसा?"

"परदेशी गाडी आहे, आवडाबाई. तिकडे असंच असतं."

"म्हंजी दादला डावीकरं न बायको उजवीकरं? मंग तिकरं लगीन पन उलटाच लावतान का काय!"

मी एवढी हसले की छबी चुळबुळली. बाहेरून हे ओरडले, "अगं, हसताय काय! बटणावर पाय ठेव."

आवडाबाई हसायच्या फार. पण त्या हसण्याखाली काय दडलंय ते जवळच्यांना ठाऊक होतं. त्यांची थोरली लेक बायजा लढाईच्या शेवटच्या साली गेली. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा तापाने वारलेला, म्हणून आईकडे राहायची. कॅम्पातल्या खेचरांना गवत लागे. बायजा दिवसभर कापायची आणि दिवेलागणीला भारा डोक्यावर घेऊन याच रस्त्याने कॅम्पात जायची. एका संध्याकाळी गेली ती आलीच नाही. ना भारा सापडला, ना विळा. पाड्यावरच्या लोकांनी दोन दिवस शोधलं आणि तिसऱ्या दिवसापासून बोलायला लागले. पळाली. मिलिटरीच्या कुठल्याशा ड्रायव्हरबरोबर पळाली. विधवा पोर, दुसरं काय करणार!

त्यापायी तुळसाची तीन स्थळं मोडली. खोपटवाले तयार झाले, पण नवऱ्या मुलाच्या चुलत्याने, राघो पाटलाने, अट घातली. थोरलीचं नाव मांडवात निघता कामा नये. आता आवडाबाईंच्या लोकांत लग्न लावते ती धवलारीण. ती गाण्यातून घरातल्या सगळ्यांना बोलावते, आधी गेलेल्यांना, मग असलेल्यांना. एकेकाचं नाव घेऊन.

"घातली अट ती बरीच झाली," आवडाबाई मला दुपारीच म्हणाल्या होत्या. हळद कुटता कुटता मुसळ हातातच राहिलं होतं. "धवलारीन मना इचारीत व्हती, थोरलीला जित्यांत घेऊ का मेल्यांत? मी काय सांगू? मना तरी कुटं ठावं हाय!"

एवढंच त्या बाईला हवं होतं. लेक कुठल्या ओळीत धरायची, ते कळायला हवं होतं.

"दाब!" हे म्हणाले.

मी दाबलं. उजव्या दिव्यावर ह्यांनी गोणपाट टाकलं होतं, डावा तेवढा जळत होता. भिंतीवरचा पांढरा गोळा खाली बसला आणि उजवीकडे सरकला. ह्यांनी दिव्याची कडी सैल केली, डिसमिसने एक पेच आवळला, एक सोडला. उजेड हळूहळू डावीकडे यायला लागला. भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघेपाशी आला, तिच्यावरून पुढे गेला, आणि शेवटी भिंतीच्या अगदी डाव्या टोकाला जाऊन थांबला. लोक त्या गाडीत बसून किती मैल हिंडले असतील, पण त्या कडेवर तिचा उजेड पहिल्यांदाच पडत होता.

आणि वास आला. ओल्या, नुकत्या कापलेल्या गवताचा. मार्गशीर्षात आमच्याकडचं गवत पार वाळून पिवळं झालेलं असतं. हा वास हिरवा होता, इतका दाट की घशात बसावा.

"कुठे गवत कापलंय का?" मी विचारलं.

आवडाबाई पुढे वाकून वास घेत होत्या.

उजेडात, भिंतीच्या तळाला, एक काडीएवढी सावली उभी होती. वरच्या टोकाला जाड. ह्यांनीही पाहिली. "काचेला काहीतरी चिकटलंय," म्हणत फडक्याने काच पुसली. सावली होती तिथेच. पुन्हा पुसली. मग स्वतःशीच म्हणाले, "असेल काचेतच डाग." आणि माझ्याकडे वळून, "बटण अडकतंय बघ तुझं. वायर ढिली असणार. थांब, मी झाकण उघडतो. सांगेन तेव्हा दाब."

त्या लॉरीचं झाकण बाजूने उघडायचं. हे उजव्या अंगाला गेले, इंजिनात डोकं घातलं. भिंतीकडे पाहणाऱ्या उरलो आम्ही दोघी.

"दाब."

खट्. उजेड वर गेला.

"परत."

खट्. उजेड खाली आला. आणि सावली आता काडीएवढी नव्हती, हातभर होती. माणसाची होती. डोक्यावर भलं मोठं काहीतरी, दोन्ही बाजूंना झुकलेलं.

"अहो..." मी म्हणाले.

"दाब, दाब. सापडतंय."

खट्. खट्. आता ती सावली छबीएवढी. पाय दिसत होते. पाय चालत होते.

"आवडाबाई, तुम्हाला दिसतंय का..."

त्यांनी माझं मनगट धरलं. "भारा हाय तो," त्या म्हणाल्या. आवाज कुठून तरी खोलातून आल्यासारखा. "हात बग... उजवा हात बग."

सावलीने भारा डाव्या हाताने धरला होता. उजवा हात कोपरात वाकून कमरेवर टेकलेला, कपाच्या कानासारखा.

"ल्हानपनी झाडावरना परली. तवापासना तो हात सरल व्हत नाय. येकाच हातान उचलते भारा..."

मी पाय बटणावरून काढून घेतला. अगदी वर, बैठकीवर ओढून घेतला. छबीला छातीशी आवळलं.

खट्. उजेड वर गेला. खट्. खाली आला.

"अगं, मी सांगितल्याशिवाय दाबू नकोस ना!" इंजिनातून ह्यांचा आवाज आला. "ठिणगी उडून हात भाजेल माझा!"

"मी... मी नाही दाबत हो..."

खट्... खट्... सावली माझ्याएवढी झाली. मग माझ्याहून उंच. दिवा आणि भिंत यांच्या मधलं माणूस दिव्याच्या जेवढं जवळ, तेवढी सावली मोठी, हे मेकॅनिकच्या बायकोला कुणी शिकवायला नको. ती जवळ येत होती. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण आवडाबाई हळूच म्हणाल्या, "ती आपल्याकरं यत नाय गो. टाचा बग तिच्या... पाठमोरी चालतय पोर."

मी पाहिलं. खरंच, पाठमोरी होती. आमच्यापासून दूर चालली होती, कॅम्पाकडे, रस्त्याच्या डाव्या कडेने, निवांत, भाऱ्याला झोका देत. आणि तरी सावली वाढत होती.

मग माझ्या लक्षात आलं. ती येत नव्हती. आम्हीच तिच्यावर चाललो होतो.

इंजिन बंद होतं. चाकांना दगड लावलेले होते. पण बैठकीखालून एक घरघर वर चढत होती, माझ्या मांड्यांतून, छबीच्या अंगातून. स्टिअरिंगचं चाक हात न लावता किंचित डावीकडे फिरलं... परत सरळ झालं... ड्रायव्हरला डुलकी लागावी तसं. आणि त्या ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते मी.

छबी जागी झाली. रडली नाही. भिंतीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती बघत होती काचेतून समोर, गाडीच्या नाकापुढे, अगदी दोन हातांवर. सावली भिंतीवर होती, पण सावली पाडणारं माणूस मधेच कुठेतरी असायला हवं होतं. मला तिथे नुसतं रिकामं अंगण दिसत होतं. छबीला काय दिसत होतं देव जाणे. तिने मूठ उघडून हात पुढे केला, कडेवर घ्या म्हणून करते तसा.

भाऱ्याची सावली भिंतीच्या माथ्याला टेकली.

मला ब्रेक कुठे असतो ठाऊक नव्हतं. मला गाडीतलं एकच ठाऊक होतं, चाकाच्या मधोमधचा भोंगा. दिवसभरात मी छबीला हसवायला तो चार वेळा वाजवला होता. मी कोपराने, छातीने, सगळ्या अंगाच्या भाराने त्यावर पडले. आणि त्याच क्षणाला आवडाबाई किंचाळल्या, "बायजेऽऽ! बाजूला व्हय, बायजेऽऽ!"

सावलीने मान वळवली. नाक दिसलं, हनुवटी दिसली, भाऱ्यातून लोंबणारी गवताची पाती दिसली. एका झटक्यात भारा सोडून तिने डावीकडे उडी घेतली. ती उजेडाबाहेर गेली आणि धप् असा आवाज झाला, ओलं गवत जमिनीवर पडल्याचा. भिंतीच्या डाव्या टोकाशी, काळोखात.

मग दिवा विझला.

"अगं, झालं काय! मेलो असतो मी दचकून!" हे कपाळ चोळत आले. भोंग्याने दचकून त्यांचं डोकं झाकणावर आपटलं होतं. त्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. मी छबीला घट्ट धरून बसले होते. आवडाबाई मात्र कंदील घेऊन उतरल्या आणि चालू लागल्या, सरळ भिंतीच्या डाव्या टोकाकडे. तिथे जुना चर होता, मिलिटरीने जाताना विटा आणि माती लोटून बुजवलेला. त्यावर त्या बसल्या. फतकल घालून, शेतात बसावं तशा.

"उत्तमशेट," मातीवर हात ठेवून त्या ह्यांना शांतपणे म्हणाल्या, "हतं खना."

"आत्ता? काळोखात?"

"सकाली खना. मी हाय हतंच."

आणि त्या रात्रभर तिथेच बसल्या. आम्ही घोंगडी दिली, शेकोटी केली. मी सगळं सांगितलं तेव्हा हे मला वेडी म्हणाले नाहीत. गाडीखाली वाकून चाकांना लावलेले दगड तपासून आले. दगड जागचे हलले नव्हते. पण चारही दगडांवर टायर घासल्याच्या काळ्या खुणा होत्या.

सकाळी पाड्यावरची माणसं कुदळी घेऊन आली. कमरेएवढं खणलं तेव्हा विळा लागला. मुठीला तांब्याची तार गुंडाळलेला, बायजाच्या बापाने गुंडाळलेला. मग हाडं. उजव्या कोपराचा सांधा जुना मोडून वाकडा जुळलेला. पोलिसांनी पंचनामा केला. कुठली गाडी, कोण ड्रायव्हर, कुणी उचलून चरात लोटलं, ते आता कुठून कळणार! तीच आमची लॉरी होती का, हे मी ह्यांना एकदाच विचारलं. "तशा शेकडो होत्या," हे म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी डावा मडगार्ड उतरवून नवा बसवला.

आवडाबाई रडल्या, पण कशा सांगू? मोकळ्या होऊन रडल्या. पाड्यावरच्या एकेका घरासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पलाली नाय माजी बायजा. भारा घेऊन कामाला चालली व्हती." ज्या बायकांनी सहा वर्षं कुजबूज केली त्या दारातून आत गेल्या. सुतक आलं, लग्न पुढे ढकललं. आम्हाला वाटलं खोपटवाले आता मोडतील. पण दहाव्याला राघो पाटील स्वतः आला, टोपी हातात घेऊन.

"आवडाक्का, नाव घ्या मांडवात," तो म्हणाला. "पयल्यांदा तिचाच घ्या."

"तुमी सांगायची वाट बगीत व्हते व्हय मी!" आवडाबाई म्हणाल्या, आणि राघो पाटलासकट सगळे हसले.

लग्न माघात ठरलं. आणि लॉरीचा एक दिवा अजून लावायचा राहिला होता.

मी पाया पडले ह्यांच्या. म्हटलं, दुसरी भिंत बघा, कल्याणला जाऊन करा. "अगं, ज्याचं त्याला मिळालं. आता काय राहिलं तिथे?" हे म्हणाले. "आणि अर्धा दिवा उलटा ठेवून वऱ्हाड नेऊ? परत कुणाची तरी कड अंधारात?" मी मग छबीला आवडाबाईंकडे ठेवलं आणि पुन्हा त्या जागेवर चढले.

डाव्या दिव्यावर गोणपाट, उजवा मोकळा. ह्यांनी पेच फिरवला. उजेड भिंतीवरून सरकत डाव्या टोकाला गेला. भिंत स्वच्छ होती. गवताचा वासही नव्हता. माझ्या अंगावरून ओझं उतरलं. मी मोठ्याने हसले सुद्धा.

"बघ," हे म्हणाले. "आहे का काही?"

मी बोट दाखवलं. भिंतीच्या तळाला, बायजा जिथे चालत होती तिथेच, बोटभर सावली होती. भारा नव्हता. काहीच नव्हतं. एक हात तेवढा वर उचललेला, मोठ्या माणसाचं बोट धरतात तसा. तो हात काहीच न धरता तसाच वर होता.

मुलाची सावली. बायजाच्या पसरट सावलीत लपून गेली होती, म्हणून आधी दिसली नव्हती.

"बायजाला प्वार नव्हता," आवडाबाई म्हणाल्या. पाड्यावर जाऊन विचारलं तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. पाड्यावरचं एकही मूल त्या साली हरवलं नव्हतं. आम्ही चर पुन्हा खणला, भिंतीच्या पार टोकापर्यंत. काही नाही. रस्त्यात कुणाचं तरी चुकलेलं लेकरू तिने बोटाला धरलं असेल का, कॅम्पात पोचवायला? की ते आपणहून तिच्या मागे लागलं होतं? कुणाला सांगता येत नाही.

लग्न झालं, थाटात झालं. धवलारणीने गेलेल्यांत पहिलं नाव बायजाचं घेतलं तेव्हा अख्ख्या मांडवात बांगडी वाजली नाही. आमची लॉरी आता ठाण्यापासून नाशकापर्यंत जाते. तिचे दिवे डावीकडे पडतात आणि तिच्या हातून आजवर कुणाला ओरखडा आलेला नाही.

पण भिंत तिथेच आहे. आम्ही तिच्यावर दिवा पाडत नाही, तरी रस्ता वळणाचा. कॅम्पाकडे जाणारी प्रत्येक गाडी वळताना तिच्यावर उजेड फेकून जाते. आणि प्रत्येक गाडीगणिक ती सावली एवढी एवढी वाढते. ह्यांनी चुना खरवडला, डांबर फासलं. डांबरावरसुद्धा ती दिसते. आणखी काळी.

मी रोज दिवेलागणीला वळणावर उभी राहते, कंदील घेऊन. गाडीवाल्यांना भोंगा वाजवा म्हणून सांगते. बिचारे वाजवतात. ती सावली वळत नाही, बाजूला होत नाही. मी आई आहे, मला ठाऊक आहे. मोठं माणूस भोंगा ऐकून उडी मारतं, लहान मूल आवाज कुठून आला म्हणून तिथेच उभं राहतं. त्याला नावानेच हाक मारावी लागते. आणि नाव मला ठाऊक नाही. मी बाळू म्हणून पाहिलं, सोन्या म्हणून पाहिलं, मुलींची नावं घेऊन पाहिली. एकदा तर वेड्यासारखी छबीचंच नाव घेऊन बसले, आणि मग आठ दिवस तिला मांडीवरून खाली ठेवली नाही.

काल एक सिमेंटची लॉरी वळली तेव्हा त्या उचललेल्या हाताची बोटं भिंतीच्या वर निघून गेली होती. बायजाच्या वेळी भारा माथ्याला टेकला तेव्हा गाडी तिच्या अंगावरच आली होती.

म्हणून हात जोडून सांगते. हे वाचाल त्यांनी कल्याणला, डोंबिवलीला, ठाण्याला, नातेवाइकांत, बाजारात, देवळात सांगा. लढाईच्या शेवटच्या साली ज्यांचं लेकरू या रस्त्याने गेलं आणि घरी आलं नाही, त्यांनी विठ्ठलवाडीच्या वळणावर येऊन एकदा, फक्त एकदा, त्याला त्याच्या नावाने हाक मारावी. एवढा निरोप पोचवा. लवकर पोचवा.